वाळूखालचं मुद्दल

30 सप्टेंबर 1966ची मध्यरात्र. गॅबरोनच्या मैदानात, गर्दीत तुम्ही उभे आहात. ब्रिटिशांचा झेंडा उतरतो. निळा, पांढरा, काळा नवा झेंडा चढतो. बेचुआनालँडचा बोत्स्वाना झाला. सेरेत्से खामा देशाचे पहिले अध्यक्ष झाले.

तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या गुराख्याचा चेहरा पाहा. ओळीनं काही वर्षं दुष्काळ पडलाय. त्याची गुरं गेली, चूल मदतीच्या धान्यावर पेटते, थोरला मुलगा दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत मजुरीला गेलाय. देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, पण माणसं सहा लाखांच्या आत. डांबरी रस्ता 12 किलोमीटर, पदवीधर 22. आजवर या मुलखाचा कारभार सरहद्दीपलीकडच्या माफिकेंगमधून चालायचा, राजधानीसुद्धा नुकती बांधून काढलेली. सरकारच्या खर्चाचा निम्मा भार लंडनच्या अनुदानावर. या मैदानात उद्याची खात्री कुणालाच नाही.

वर्षभर पुढे या. आता तुम्ही ओरापाच्या माळावर आहात, हातात चाळणी. डी बिअर्स या हिरे कंपनीचे भूवैज्ञानिक बारा वर्षं या वाळूत हिंडताहेत. पूर्वेला मोत्लौत्से नदीच्या पात्रात बारीक हिरे सापडले होते, पण वर जावं तर माग तुटायचा. त्यांच्यातल्या गॅव्हिन लॅमॉन्ट यांनी वेगळा विचार केला: जमीनच मध्ये उचलली गेली असेल, नदीचं मूळ खोरं तिच्यामुळे तुटलं असेल, तर हिऱ्यांचा उगम आणखी पश्चिमेला असणार. तुम्ही तीच पश्चिमेची माती चाळताय. चाळणीत गार्नेटचे तांबडे आणि इल्मेनाइटचे काळे कण उरतात. हिरे पोटात बाळगणाऱ्या खडकाची, किंबरलाइटची, ही खूण. पायाखाली शंभर हेक्टरांहून मोठं तोंड असलेली किंबरलाइटची नळी आहे.

इथे जरा थांबा, कारण बोत्स्वानाचं नशीब या चाळणीत अर्धंच ठरलं. उरलेलं अर्धं ठरलं कायद्यात. ओरापाची जमीन बांग्वाटो जमातीच्या मुलखातली, आणि खामा स्वतः त्याच जमातीच्या गादीचे वारस. रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षं मायदेशाबाहेर ठेवलं होतं. ओरापावरचा हक्क त्यांना आपल्या माणसांसाठी राखून ठेवता आला असता. पण 1967च्या खाण कायद्यानं जमिनीखालच्या खनिजांवर हक्क राष्ट्राचा ठरवला. कुणाच्या शेताखाली काय निघतं यावर आता गावागावांत, जमातीजमातींत भांडणं होणार नव्हती. आफ्रिकेत खनिजांपायी जे रक्त सांडलं ते आठवा, म्हणजे या एका कायद्याचं मोल कळेल.

मग कंपनीशी बोलणी. 1969मध्ये सरकारचा वाटा 15 टक्के. खाण किती मोठी आहे हे दिसल्यावर सरकार पुन्हा बोलणीला बसलं, आणि 1975पर्यंत वाटा 50 टक्क्यांवर गेला. कर, स्वामित्वधन आणि लाभांश धरले तर नफ्यातले शंभरातले ऐंशीच्या आसपास देशाच्या तिजोरीत येऊ लागले. कंपनीला हाकललं नाही, तिच्यापुढे मानही तुकवली नाही.

1982. ज्वानेंगच्या खाणीच्या काठावरून खाली बघा. कलहारीच्या वाळूचा जाड थर काढून उघडी केलेली ही खाण, किमतीच्या हिशेबात जगातली सर्वांत श्रीमंत. सुरुंगाचा धक्का तळपायातून वर येतो. माणसापेक्षा उंच चाकांचे डंपर खडक भरून चढण चढताहेत. टनभर खडक फोडला की हाती लागतो जेमतेम पाव ग्रॅम हिरा. कारखान्यात क्ष-किरणांखाली हिरा चमकतो आणि हवेचा झोत त्याला खडीतून अलगद बाजूला उडवतो.

त्याच वर्षी गॅबरोनमध्ये विद्यापीठ उभं राहतंय. त्यासाठी लोकांनी गुरं दिली, धान्य दिलं, अंडीसुद्धा दिली. 'माणशी एक जनावर' अशी ती हाक होती. ज्या देशाच्या खाणीतून हिरे निघत होते त्याच देशातले गुराखी शिक्षणासाठी गोठ्यातलं जनावर सोडत होते. खनिज हे मुद्दल आहे, ते मोडलं की संपतं, त्यातून माणूस घडवला तरच ते वाढतं, ही जाण इथे राज्यकर्त्यांपुरती नव्हती.

1994मध्ये बोत्स्वाना अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडला. असं करणारा तो पहिला देश. त्याच वर्षी पुढच्या पिढ्यांसाठी 'पुला' निधी उभा राहिला. 2002मध्ये राजधानीच्या रुग्णालयात एचआयव्हीची लागण झालेल्यांच्या रांगेत उभे राहा. साथीनं देश पोखरलाय, पण औषधं सरकार फुकट देतंय. यात हिऱ्यांच्या पैशाचा मोठा वाटा आहे.

आता सेलेबी-फिक्वेला चला, ऑक्टोबर 2016. तांबं-निकेलची सरकारी खाण बंद पडली आहे. हजारो कामगारांना दुसरं काम नाही, कारण हे गावच खाणीच्या जिवावर वसलं होतं. आणि देशभराचा हिशेब केला तर हिऱ्यांच्या खाणी पैसा भरपूर देतात, रोजगार मात्र थोड्यांना.

शेवटचा टप्पा 2024. ऑगस्टमध्ये कारोवेच्या खाणीत 2,492 कॅरेटचा हिरा निघतो. कलिनन हिऱ्याखालोखाल जगातला सर्वांत मोठा रत्न-दर्जाचा हिरा. तरीही खाणी उत्पादन कमी करताहेत. प्रयोगशाळेत वाढवलेले स्वस्त हिरे बाजारात आलेत, कच्च्या मालाला उठाव नाही. मंदीची झळ सुरतेच्या पैलू पाडणाऱ्या कारखान्यांना आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारालाही लागते, कारण इथल्या बऱ्याच खड्यांना पैलू भारतातच पडतात. ऑक्टोबरअखेर मतदारांनी 58 वर्षं सत्तेत असलेला पक्ष घरी बसवला. निर्यातीतले शंभरातले ऐंशी रुपये एकाच खड्यातून आले की त्या खड्याचा भाव पडताच सगळा देश हेलकावतो.

बोत्स्वानानं बरंच काही बरोबर केलं. मालकी राष्ट्राकडे ठेवली, बोलणी ताठ मानेनं केली, पैसा शाळा, दवाखाने आणि रस्त्यांत घातला. दुसरा आधार मात्र वेळेत उभा केला नाही, आणि विषमताही मिटली नाही. खनिजांच्या जोरावर उभ्या राहू पाहणाऱ्या प्रत्येक देशानं या यशातून आणि या चुकांतून, दोन्हींतून शिकावं. जमिनीखालच्या धनावर अजून न जन्मलेल्यांचाही हक्क आहे. आपण ते वर काढतो तेव्हा त्यांच्या वाट्याला काय ठेवलं, याचं उत्तर सरकारनं दरवर्षी अर्थसंकल्पात द्यावं, आणि नागरिकांनी ते मागत राहावं.