मूठभर धान्य आणि रात्री साडेदहाचा मेसेज

पोस्ट लांब आहे. पण घरात शाळेत जाणारं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या मुलांच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला एक मेसेज आला. नववीतल्या एका मुलाच्या वडिलांचा. मुलगा आठ दिवस शाळेत गेला नव्हता. नवव्या दिवशी गेला तर सरांनी वर्गासमोरच विचारलं, "घरच्यांना एक फोन करून सांगता येत नाही का?" वडिलांनी लिहिलं होतं, "आमची इज्जत काढायचा पगार मिळतो का यांना?" अर्ध्या तासात तीसेक पालकांनी त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. त्यात एक माझं होतं. टाकलं आणि झोपलो.

सकाळी सर ग्रुपमधून बाहेर पडले होते. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

मी त्या शाळेच्या शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीत आहे. फार हुशार म्हणून नव्हे, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. मुख्याध्यापक मॅडमनी बैठक लावली आणि "तुम्ही दोन शब्द बोला" म्हणाल्या. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून जुना इतिहास काढून बसलो. शाळा आणि पालक हे नातं आपल्याकडे आलं कुठून, हे बघायला.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी त्यात होती, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिक्षक कसा असावा, याबद्दलही ते बोलले होते. त्यांचं म्हणणं असं, की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. वेळ पडली तर नांगराला हात लावायची लाज वाटू नये आणि गोरगरिबांत सहज मिसळता यावं. कारण अशा शिक्षकालाच त्या लोकांच्या गरजा कळतील. म्हणजे घर आणि शाळा यांच्यात बोलणं नसेल तर शिक्षण पुढं सरकत नाही, हे त्यांनी १४० वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

नंतर आली सक्ती. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तेच केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे गंमत नव्हती. पण पोर गुरामागं गेलं तर घर चालायचं आणि शाळेत गेलं तर एक हात कमी व्हायचा, अशी परिस्थिती होती. दंडाशिवाय हललं नसतं. मात्र या नात्यात पालक कोण होता? कायद्याच्या नजरेत जवळजवळ आरोपीच.

हे नातं बदललं ते आपल्याच मातीत. कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही गोष्ट सातारा जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे.

पण मला त्याहून जास्त विचार करायला लावते ती मुष्टिफंडाची गोष्ट. घरातल्या बाईनं दळण दळताना मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला काढायचं. मूठ लहानच. घर त्यानं उपाशी राहत नव्हतं. पण ज्या बाईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, ती रोज एकदा शाळेची आठवण काढायची. शाळा "त्यांची" राहिली नाही, "आपली" झाली. पुढं संस्थेनं गावोगावी व्हॉलंटरी शाळा काढल्या, तेव्हा कुठं देऊळ, कुठं धर्मशाळा, कुठं कुणाची पडवी गावानं दिली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, तेही कमवा आणि शिका या तत्त्वावर. माध्यमिक शिक्षण म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांचं काम, ही समजूत तिथं मोडली.

इथं एक गोष्ट नीट बघा. धान्य देणारा पालक गुरुजींना जाब विचारू शकत होता, कारण शाळेत त्याचा घास होता. आणि गुरुजी पालकाला "पोराला सुगीत घरी ठेवू नका" असं ठणकावून सांगू शकत होते, कारण ते त्याच गावात, त्याच्याच अन्नावर राहत होते. दोघं एकमेकांना बोलू शकत होते. आणि समोरासमोर बोलत होते, हे महत्त्वाचं.

स्वातंत्र्यानंतर अनुदान वाढत गेलं. शिक्षकाचा पगार सरकारकडून येऊ लागला. हे चांगलंच झालं. गुरुजींनी धान्यावर का जगावं? पण त्याबरोबर आपली मूठ सुटली. शाळा सरकारची झाली, आपण नुसते लाभार्थी. पुढं विनाअनुदानित शाळा आल्या, फी आली आणि आपण गिऱ्हाईक झालो. गिऱ्हाईक भांडतं कसं? काउंटरवर. आमचा काउंटर म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप.

कायद्यानं मात्र या काळात आपल्याला पुन्हा आत बोलावलंय. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शिक्षकांच्या कर्तव्यांमध्ये स्पष्ट लिहिलंय, की पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगायची. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला त्यात बंदी आहे. आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा आई-वडील, पालकांना. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. भांडणं जिथं खरी सुरू होतात त्या नववी-दहावीला तो पोचत नाही.

तिथं राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम उपयोगी पडतो. खासगी शाळेत शिक्षक-पालक संघ असलाच पाहिजे. कार्यकारी समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून, प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. कायदा फीसाठी केला हे खरं. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडून दिल्यात. १९१७ ला दंड होता, आज खुर्ची आहे. आणि आपण खुर्चीवर न बसता रात्री साडेदहाला अंथरुणातून मेसेज टाकतोय.

बैठकीत मी यातलं निम्मंच बोललो. शेवटी म्हणालो, "त्या मेसेजखाली माझाही अंगठा होता. मी सरांना विचारलं नाही, पोराला विचारलं नाही. चूक झाली." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सर म्हणाले, "वर्गासमोर विचारायला नको होतं मी. बाजूला घेऊन विचारायचं होतं."

त्याच संध्याकाळी सर आणि मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील दारातच उभे. आधी बोलेनात. मग म्हणाले, "सर, बसा की." त्यांची बायको दवाखान्यात होती. दिवसभर हे तिथं, आणि पोरगा घरी धाकट्या बहिणीला आणि म्हशीला सांभाळत होता. सर म्हणाले, "दादा, एक फोन केला असता तर मी त्याला बोललोच नसतो." वडील खाली बघत म्हणाले, "घरातलं दुखणं शाळेत काय सांगायचं, असं वाटलं. लाज वाटली."

ती लाजच खरी गोष्ट होती. एवढ्या मोठ्या भांडणाच्या मुळाशी एक न केलेला फोन आणि एक चारचौघांत विचारलेला प्रश्न. दोन्ही बाजूंचा वाटा सारखा.

आता समितीत आम्ही चार गोष्टी ठरवल्यात. एक, मूल दोन दिवस आलं नाही तर वर्गशिक्षकांनी घरी फोन करायचा, आणि पालकांनी पहिल्याच दिवशी कळवायचं. कारण सांगायला नको असेल तर "घरी अडचण आहे" एवढंच पुरे. दोन, कुणाच्याही मुलाचं किंवा शिक्षकाचं नाव घेऊन ग्रुपवर तक्रार टाकायची नाही. तक्रार लेखी द्यायची, शाळेनं आठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. तीन, पालक सभा शनिवारी संध्याकाळी, म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्यांनाही येता येईल. चार, सभेत नुसते मार्क वाचायचे नाहीत. प्रत्येक मुलाची एक चांगली गोष्ट आधी सांगायची.

मुलगा सोमवारपासून येतोय. गणितात अजून मागंच आहे. सर मधल्या सुट्टीत त्याला घेऊन बसतात. त्याची आई घरी आलीय. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. दोन पालक माझ्यावर अजून नाराज आहेत, "तुम्ही शाळेची बाजू घेतली" म्हणून.

आपल्या आज्या-पणज्यांनी शाळेला मूठभर धान्य दिलं. आज शाळा आपल्याकडं धान्य मागत नाही. एक फोन मागते आणि महिन्यातला एक तास मागते. आणि आपण शाळेकडं मागायचं ते एवढंच, की आमच्या पोराला चारचौघांत कमी लेखू नका. एवढी देवाणघेवाण जमली पाहिजे.

तुमच्या गावातलं हायस्कूल कसं उभं राहिलं, जागा कुणी दिली, पत्रे कुणी घातले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि इथं लिहा. पुढच्या पालक सभेत मी ते वाचून दाखवीन.