शेपटीवरचे पंख, पोटातला पीळ

विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण नकळत एक समजूत मुलांपर्यंत पोचवतो. चांगला शोध लागतो, लोकांना तो पटतो आणि जुने मागे पडते, ही ती समजूत. दर वेळी असे घडतेच का? १९५० च्या दशकातील दोन महागड्या अमेरिकन मोटारींची, कॅडिलॅक आणि पॅकार्डची, गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

दोन्ही कंपन्या डेट्रॉइटच्या. १९२० च्या दशकात श्रीमंतांची पहिली पसंती होती पॅकार्ड. कॅडिलॅक ही जनरल मोटर्स या मोठ्या कंपनीची सर्वांत महाग गाडी. १९२७ साली जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांचे रूप ठरवणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. दर वर्षी गाडीचे रूप थोडे बदलायचे, म्हणजे कालची गाडी आज जुनी वाटू लागते, हे या कंपनीचे धोरण होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पी-३८ हे लढाऊ विमान पाहिले. त्याच्या जोडशेपट्यांवरची उभी पाती त्यांच्या मनात भरली. १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांवर छोटे उंचवटे आले, ते तिथूनच. लोक त्यांना पंख म्हणू लागले. पुढे इतर कंपन्यांनीही ते उचलले. १९५९ च्या कॅडिलॅकवर ते सर्वांत उंच झाले, मग दर वर्षी खाली येत गेले आणि १९६५ च्या गाड्यांवरून नाहीसे झाले.

या पंखांचा उपयोग काय? बाजूच्या वाऱ्यात गाडी स्थिर राहते, असा दावा १९५७ च्या सुमारास क्रायस्लर कंपनीने केला होता. तो आपण साध्या गणिताने तपासू. पात्यावर हवेचा जो जोर पडतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. विमान ताशी ६०० किलोमीटरने उडते आणि मोटार ताशी १०० ने धावते असे धरू. वेग सहापट कमी, म्हणून तेवढ्याच पात्यावरचा जोर छत्तीसपट कमी. शिवाय मोटारीची दिशा मुख्यतः रस्त्यावर घट्ट टेकलेली चाके ठरवतात. विमानाला तसा आधार नसतो, म्हणूनच त्याला शेपटी लागते. रोजच्या वेगात हे पंख मुख्यतः शोभेचेच होते.

आता पॅकार्डकडे वळू. तिच्या १९५५ च्या गाड्यांत खरोखर नवे असे काही होते, पण ते गाडीच्या पोटाखाली होते. नेहमीच्या गाडीत प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंग असते. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की गाडीचे नाक वर उचलले जाते, मागचे चढले की शेपूट. त्यामुळे गाडी होडीसारखी डोलते. पॅकार्डने दोन्ही बाजूंना पोलादाचा एकेक लांब दांडा बसवला. त्याचे एक टोक पुढच्या चाकाला आणि दुसरे मागच्या चाकाला जोडलेले. पुढचे चाक उचलले की दांड्याला पीळ बसतो आणि तो जोर मागच्या टोकालाही पोचतो. गाडी पुढून आणि मागून जवळपास सारखीच उचलली जाते, डोलत नाही.

पण यात एक मेख होती. डोलण्याला विरोध नाही, म्हणजे मागे सामान ठेवले तर गाडी मागे बसणार! म्हणून आखूड दांड्यांची आणखी एक जोडी लावून त्यांना विजेच्या मोटरने पीळ देण्याची सोय केली. ही मोटर सुमारे सात सेकंद थांबून मगच चाले. प्रत्येक खड्ड्याला तिने दाद देऊ नये, पण ठेवलेल्या ओझ्याला द्यावी, यासाठी हा उशीर. अडचण नेमकी ओळखून शोधलेले हे सुरेख उत्तर होते.

तरीही १९५५ च्या मॉडेलच्या पॅकार्ड निघाल्या सुमारे ५५ हजार आणि कॅडिलॅक सुमारे १ लाख ४० हजार. असे का झाले? पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांचा खर्च ठरलेला असतो, गाड्या कितीही निघोत. तोच खर्च ५५ हजारांत वाटला तर दर गाडीमागे तो अडीचपट पडतो. कॅडिलॅकचा सांगाडा तर ब्यूइक आणि ओल्डस्मोबिलच्या मोठ्या गाड्यांशी मिळताजुळता असे, म्हणून तिथे खर्च आणखी विभागला जाई. दर वर्षी रूप बदलण्याची शर्यत लहान कंपनीला झेपणारी नव्हती. पॅकार्डला सांगाडे पुरवणारी ब्रिग्ज कंपनी १९५३ साली क्रायस्लरने विकत घेतली, तेव्हा ते काम घाईने लहान जागेत हलवावे लागले. नव्या गाड्यांत दोष निघाले आणि नाव खराब झाले. शिवाय १९३५ पासून स्वस्त पॅकार्डही विकली जात होती. मंदीत त्या गाडीने कंपनीला तारले होते, पण 'पॅकार्ड म्हणजे उंची गाडी' ही ओळख तिने पुसट केली.

१९५४ साली पॅकार्ड स्टुडबेकरबरोबर एक झाली. १९५६ च्या जूनमध्ये डेट्रॉइटमधले तिचे उत्पादन थांबले, कामगारांचे रोजगार गेले. पुढची दोन वर्षे स्टुडबेकरच्याच गाड्यांवर पॅकार्डचे नाव लागले, आणि १९५८ नंतर तेही उरले नाही.

कल्पना मात्र मेली नाही. पुढची-मागची चाके जोडण्याची युक्ती फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४८ सालीच दाखवली होती, तीही अगदी स्वस्त अशा २ सीव्ही गाडीत. १९६२ मध्ये इंग्लंडच्या मॉरिस ११०० मध्ये दांड्यांऐवजी द्रव वापरून ती पुन्हा आली.

म्हणजे तंत्र चांगले असणे वेगळे आणि ते टिकणे वेगळे. टिकण्यासाठी भांडवल, वेळ, कारखान्याची शिस्त आणि ग्राहकाच्या नजरेला दिसणारे काहीतरी लागते. पंख रस्त्यावरून दिसत होते, पीळ दिसत नव्हता. वर्गात एखाद्या वस्तूची जाहिरात आणून मुलांना विचारून पाहा: यातले पंख कोणते आणि पीळ कोणता? तपासायचे कसे, हेही त्यांनाच ठरवू द्या.