दानाची जुनी दप्तरे

देऊळ बांधावे, विहीर खणावी, वाटसरूची सोय करावी, हे पुण्यकर्म मानण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. किती जुनी, याचा पुरावा सह्याद्रीच्या कातळावरच कोरलेला आहे.

लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात देणाऱ्यांची नावे ठिकठिकाणी आढळतात. त्यांत वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, तेथीलच सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्ये विकणारा गांधी आहे, आणि दर्शनी दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतारही आहे. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे पेठेतील संघटनेने, लेणे व पाण्याचे टाके दिले. देणगीदारांच्या नावाची फरशी बसविण्याची पद्धत आजकालची नव्हे, हे यावरून दिसेल.

परंतु दान कसे द्यावे याचा खरा नमुना पाहावयाचा तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे लागते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात येथे लेणे कोरविले. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळी खणली, आणि तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेवल्या. ब्राह्मणांनाही दिले, भिक्षूंनाही दिले. पावसाळ्यात नदीकाठी अडकून पडलेल्या माणसालाच अशा नावेचे मोल कळते.

लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण (त्या वेळचे नाणे) कायम ठेव म्हणून दिले. ही रक्कम लेण्यात पुरून ठेवली नाही की कोणा एकाच्या हाती सोपविली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे, अशी अट स्पष्ट घातली. पहिल्या ठेवीचे व्याज वस्त्रांसाठी होते. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा: २,००० चे वर्षाचे व्याज २४० होते आणि २० जणांना १२ प्रमाणे २४० च लागतात. एक नाणे कमी नाही की जास्त नाही. पैसा विणकरांच्या धंद्यात खेळता राहिला आणि वस्त्रांचीही सोय झाली. शिवाय भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एका ब्राह्मणाचे शेत ४,००० कार्षापण मोजून विकत घेऊन दिले. राजाचा जावई असूनही शेत हिसकावून घेतले नाही, हे विशेष होय.

हे सर्व नगरसभेत जाहीर वाचून दाखविले व रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविले, असेही लेखात नमूद आहे. तोंडी कबुलीवर काम भागविले नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बऱ्याच नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे. राज्य बदलले म्हणजे आधीच्या धन्याची दाने मोडण्याचा मोह होतो. येथे तसे घडले नाही. आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने, पूर्वी ऋषभदत्ताकडे असलेले २०० निवर्तने शेत नाशिकच्या भिक्षूंना देण्याचा हुकूम काढला. (निवर्तन हे जमिनीचे जुने माप.) त्या शेतात सरकारी माणसांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही दिल्या.

सहा वर्षांनी मात्र असे आढळून आले की, ते शेत कोणी कसत नाही व ते गावही ओस आहे. कागदावर दान पुरे झाले होते, पण भिक्षूंच्या पदरात काही पडत नव्हते. तेव्हा २४ व्या वर्षी राजा व राजमाता या दोघांच्या नावे गोवर्धनच्या अमात्यास नवा हुकूम गेला. नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने जमीन भिक्षूंना द्यावी, सवलती पूर्वीप्रमाणेच राहाव्यात, आणि त्याची लेखी नोंद करावी, असे त्यात फर्माविले होते. हा दुसरा हुकूमही पहिल्याच्या पाठोपाठ त्याच भिंतीवर कोरलेला आहे.