छपरावरची वीज आणि खांबावरचा माणूस

जालन्यात भर दुपारी वीज गेली, की छपरावर सौर पॅनेल असलेल्या घरातही बॅटरीअभावी पंखा थांबतो. बाहेर लख्ख ऊन असताना असे का, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे.

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. तोवर वीज केंद्राकडून घराकडेच येत असे. पुढे ती घरातून उलट तारांत जाऊ लागली, तेव्हा खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाला धोका निर्माण झाला. म्हणून पुरवठा तुटताच इन्व्हर्टरने आपोआप बंद व्हावे, असा नियम आला.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ साली नेट मीटरिंगचे विनियम केले. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. याचा लाभ मुख्यतः स्वतःचे छप्पर असणाऱ्यांना. भाडेकरूने काय करावे? जर्मनीत बाल्कनीतील पॅनेल थेट सॉकेटला जोडता येते. २०२४ पासून इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॉट आहे. पाच तास पूर्ण ऊन धरल्यास ४ युनिट!

मात्र पॅनेलचा प्रवाह फ्यूजमधून जात नाही. फ्यूजच्या प्रवाहात त्याची भर पडून जुनी तार तापू शकते. म्हणून आम्हाला वाटते, भाडेकरूला मुभा जरूर द्यावी. पण वॉटची मर्यादा आणि प्रमाणित इन्व्हर्टर यांच्यासहच.