परतीचा प्रश्न : लखनऊचा बाजार, मिशनची साक्ष आणि दोन ग्रंथ

इ. स. १८९९ या एकाच वर्षी लखनऊशी निगडित असे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला मिर्झा मुहम्मद हादी ‘रुस्वा’ यांची ‘उमराव जान अदा’ ही उर्दू कादंबरी. दुसरा एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या अमेरिकन मेथडिस्ट स्त्रियांचा ‘द क्वीन्स डॉटर्स इन इंडिया’ हा इंग्रजी वृत्तांत. पहिला उर्दू गद्याच्या इतिहासात आणि दुसरा मिशनच्या व समाजसुधारणेच्या इतिहासात जमा झाल्यामुळे त्यांचा एकत्र विचार सहसा होत नाही. वस्तुतः दोहोंच्या केंद्रस्थानी विकली गेलेली स्त्रीच आहे. मात्र वृत्तांत विचारतो, ‘हिला येथे कोणी आणले?’ आणि कादंबरी विचारते, ‘ही आता परत कोठे जाणार?’ मिशनकार्याच्या यशाचे आणि मर्यादेचे मर्म या दोन प्रश्नांमधील अंतरात सापडते.

नवाबी लखनऊमधील तवायफ ही केवळ देहविक्रय करणारी स्त्री नव्हती. संगीत, नृत्य, उर्दू काव्य आणि दरबारी शिष्टाचार यांची ती वाहक होती. १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि १८५७ च्या उठावानंतर या वर्गाचा आश्रयदाताच नाहीसा झाला. १८५८ ते १८७७ या काळातील नगरपालिकेच्या करनोंदींत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया सर्वाधिक कर भरणाऱ्यांत आढळतात, हे वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी दाखवून दिले आहे. उठावाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून त्यांची मालमत्ता जप्त झाल्याचेही त्यांनी नोंदवले आहे. चौकातल्या कोठ्याची ही अशी अवनती होत असताना छावणीत एक वेगळीच व्यवस्था उभी राहत होती. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांविषयीचा कायदा यांनी गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी सुरू केली. कोठ्याला काही परंपरा तरी होती. छावणीतल्या चकल्याला केवळ सरकारी नोंदवही होती.

मिशनचा या शहरातील प्रवेश मात्र बाजारातून झाला नाही, तो शाळेतून झाला. मेथडिस्ट महिला मंडळाच्या इझाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये अमीनाबाद बाजारातील एका खोलीत सहा मुलींची शाळा काढली. पुढे लाल बाग येथे तिचा विस्तार झाला आणि १८८६ मध्ये महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले. निराधार स्त्रियांसाठी आश्रयगृहही याच मंडळाच्या कामात होते. तरीही नोंदणीकृत स्त्रीचा प्रश्न हा शासनाने निर्माण केलेला प्रश्न आहे, ही जाणीव शाळेतून आली नाही. ती लंडन आणि मुंबई येथील क्वेकर व मेथडिस्ट वर्तुळांतील नियमनविरोधी चळवळीतून आली. क्वेकर प्रकाशक आल्फ्रेड डायर यांनी १८८७-८८ मध्ये भारतातील छावण्यांची पाहणी करून त्यांचे वर्णन इंग्लंडमध्ये छापले. पुढे मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकाचे संपादनही त्यांनी केले. जून १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव केला. कायदा रद्द झाला, पण १८८९ च्या छावणी कायद्याच्या आडोशाने जुनी रीत पुन्हा चालू राहिली.

ही रीत चालू आहे की नाही, हे पाहण्यासाठी जोसेफिन बटलर यांच्या प्रेरणेने अँड्र्यू व बुशनेल १८९१-९२ च्या हिवाळ्यात भारतात आल्या. लखनऊसह दहा छावण्यांत त्या स्वतः फिरल्या, दुभाष्यांच्या साहाय्याने चकल्यांतील स्त्रियांशी बोलल्या आणि त्या संभाषणांची नोंद त्यांनी ठेवली. या स्त्रियांवर देखरेख ठेवणारी ‘महलदारनी’, तपासणीचे ठरलेले दिवस, अनुपस्थितीबद्दल होणारी शिक्षा अशा तपशिलांमुळे शासनाचे इन्कार लटके पडले. १८९३ मध्ये लंडन येथील चौकशी समितीपुढे दोघींनी साक्ष दिली आणि ज्यांनी हे आरोप आधी नाकारले होते त्या लॉर्ड रॉबर्ट्स यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. १८९५ मध्ये सक्तीच्या तपासणीस कायद्याने मनाई झाली. मात्र दोनच वर्षांत हे धोरण पुन्हा शिथिल करण्यात आले. तोवर अशा स्त्रीकडे पापी म्हणून पाहण्याचीच सवय असलेल्या मिशनच्या लेखनात येथे आरोपीचे स्थान बदलले. दोषी ठरली ती व्यवस्था. स्त्री साक्षीदार झाली.

परंतु ही साक्ष दुभाष्याच्या तोंडून इंग्रजीत उतरलेली आणि इंग्लंडमधील वाचकाला उद्देशून मांडलेली होती. त्या वाचकाची सहानुभूती मिळवायची तर स्त्री निष्पाप आणि फसवली गेलेलीच असणे भाग होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओल्डेनबर्ग यांनी लखनऊच्या वयस्क तवायफांशी संवाद साधला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य स्त्रियांनी कोठ्यावर येण्याचे कारण म्हणून अपहरण सांगितले नाही. माहेरी किंवा सासरी भोगलेला छळ सांगितला. ‘सुटका’ या शब्दात गृहीत धरलेले सुरक्षित घर त्यांच्या बाबतीत मुळातच नव्हते.

रुस्वांची कादंबरी नेमक्या याच ठिकाणी पोहोचते. रुस्वा लखनऊच्या मिशनरी ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करीत; तथापि त्यांच्या कथनात उद्धाराची भाषा नाही. फैजाबादची अमीरन सूडापोटी पळवली जाते आणि लखनऊमध्ये खानमच्या कोठ्यावर विकली जाते. तिच्याबरोबरच पळवून आणलेली रामदेई एका संपन्न घराण्यात विकली जाते आणि पुढे बेगम होते. व्यवहार एकच, एकीला प्रतिष्ठा मिळते, दुसरीला कलंक. बऱ्याच वर्षांनी उमराव फैजाबादला जाते तेव्हा आई तिला ओळखते, पण भावाच्या लेखी तिचे जिवंत असणे हाच कुळाला डाग असतो. चौकशी समितीपुढे न आलेली साक्ष ती हीच : आणणारा एक गुन्हेगार होता, परतीची वाट बंद करणारे तिचे घरच होते.

परतीच्या या प्रश्नाला प्रत्यक्ष उत्तर देण्याचा प्रयत्न मराठी मुलखात झाला. पंडिता रमाबाई आणि बुशनेल यांच्यामधील दुवा म्हणजे अमेरिकेतील ख्रिस्ती स्त्रियांची मद्यपाननिषेधक संघटना. बुशनेल तिच्या कार्यकर्त्या होत्या आणि रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात तिचा गौरव केला होता. पण रमाबाईंचे आकलन चकल्यापासून सुरू होत नाही, ते दुष्काळापासून आणि वैधव्यापासून सुरू होते. वृंदावनच्या यात्रेत त्यांनी विधवांचे शोषण पाहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मदतकेंद्रांभोवती मुलींच्या शोधात फिरणारे दलाल पाहून त्यांनी तेथून शेकडो मुली-स्त्रिया आपल्याकडे आणल्या. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगव्यवस्थेत स्त्रियांच्या होणाऱ्या विटंबनेविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्येच पत्र लिहिले आणि सरकारने ते आरोप फेटाळले. शतकअखेरीच्या सुमारास केडगाव येथे ‘मुक्ती’च्या परिसरात ‘कृपासदन’ उभे राहिले. घर आणि बाजार या दोहोंखेरीज स्त्रीला तिसरी जागा असू शकते, हे त्या वास्तूने सिद्ध केले. विणकाम, शेती, छपाई यांतून त्या जागेला उपजीविकेचा आधारही मिळाला. मात्र या जागेची किंमत बहुधा धर्मांतर ही होती; शिवाय ‘कृपासदन’ मुख्य वसतिगृहापासून वेगळे ठेवले गेले. कलंकाची रेषा पुसट झाली, पुसली गेली नाही.

साक्ष, कादंबरी आणि संस्था ही तीन रूपे तौलनिक दृष्टीने एकत्र ठेवली असता प्रत्येकाची उणीव दुसऱ्याने उघड केलेली दिसते. साक्षीने शासनाला उत्तर देण्यास भाग पाडले, पण स्त्रीला एकाच भूमिकेत बसवले. कादंबरीने तिला स्वतःची वाणी दिली, पण तिच्या एकाकीपणावर उपाय सुचवला नाही. संस्थेने निवारा दिला, पण अटींसह. स्वतंत्र भारताच्या १९५६ च्या कायद्याने ‘अनैतिक व्यापार’ हा शब्दप्रयोग स्वीकारला आणि १९८६ च्या दुरुस्तीनंतरही तो कायद्याच्या नावात टिकून राहिला. त्यातील ‘व्यापार’ हा शब्द अँड्र्यू-बुशनेल यांच्या प्रश्नाचा वारसा सांगतो. उमरावच्या प्रश्नासाठी कायद्यापाशी संरक्षणगृह हा शब्द आहे. भावाने बंद केलेल्या दारासाठी मात्र त्याच्यापाशी अद्याप शब्द नाही.