काचपात्रांतील विलक्षण मासे

घरांत काचेचें मत्स्यपात्र ठेवणारास वर्षाच्या आंतच सोनमाशांचा कंटाळा येतो, असा आमचा अनुभव आहे. शेजाऱ्याकडे जे मासे तेच आपल्याकडे असावेत यांत त्यास कसलेंच भूषण वाटेनासें होतें, आणि मग दुकानांत गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न "कांहीं निराळें आहे काय?" हाच असतो. हा प्रश्न पुष्कळ जुना आहे. सॅम्युएल पेपिस यानें १६६५ सालच्या आपल्या रोजनिशींत लंडनमधील एका बाईच्या घरीं काचेच्या भांड्यांत जगणारे परदेशी मासे पाहिल्याची नोंद केली आहे. ते सोनमासे होते कीं चीनमधील दुसरे कोणते, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. पण ते निराळे होते म्हणूनच ते पेपिसच्या डोळ्यांत भरले, यांत शंका नाहीं.

तथापि मासे निवडण्याच्या आधीं पाणी टिकविण्याची विद्या हस्तगत व्हावी लागली. ती लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मिळविली. त्यानें बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारें ५५ लिटरच्या काचपात्रांत दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेविली. वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं व पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें तळ्यांतील कांहीं गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकें पान खाऊन टाकलें आणि पाणी पुनः निर्मळ झालें. १८५० सालीं त्यानें हा वृत्तांत प्रसिद्ध केला. घरगुती मत्स्यपात्राच्या इतिहासांत इतका मोलाचा दुसरा प्रयोग आम्हांस ठाऊक नाहीं; आणि त्याचें निम्में श्रेय त्या गोगलगायींस द्यावयास हवें.

पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप गॉस याचें या विषयावरील पुस्तक निघालें, आणि विलायतेंतील मध्यम वर्गास समुद्रकांठच्या जीवांचें वेड लागलें. त्या वेडापायीं कांठच्या खडकांतील डबकीं ओरबाडलीं गेलीं. गॉसच्या मुलानें, एडमंड गॉसनें, १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या नासाडीविषयीं खेद व्यक्त केला आहे. ज्या पुस्तकानें लोकांस ही गोडी लाविली तें त्याच्याच वडिलांचें, ही गोष्ट त्या खेदास अधिकच कडवट करते.

परंतु निराळ्या माशाची हौस नेहमींच नाशास कारण होते असें मात्र नाहीं. १८६९ सालीं पॅरिसच्या पिएर कार्बोनिए या मत्स्यसंवर्धकाकडे चीनमधून कांहीं मासे आले. आज त्यांस पॅरडाइज फिश, म्हणजे स्वर्गमत्स्य म्हणतात: अंगावर निळे-तांबडे पट्टे, लांब पिसाऱ्यासारखे पर, आणि डोक्यांत हवा घेण्याची एक विशेष इंद्रियरचना. पाण्यांतील प्राणवायु कमी पडला तरी हा मासा वर येऊन हवेचा घोट घेतो, म्हणूनच तो समुद्रप्रवास सोसूं शकला. कार्बोनिएनें त्यास नुसतें पाहण्यासाठीं ठेविलें नाहीं. नर तोंडांतून बुडबुडे सोडून पृष्ठभागावर फेंसाचें घरटें बांधतो, अंडीं घातल्यावर मादीला हांकून लावतो, खालीं पडलेलीं अंडीं तोंडानें उचलून घरट्यांत ठेवतो, हें सारें त्यानें बारकाईनें टिपून ठेविलें. डार्विननें मानवाच्या उत्पत्तीविषयींच्या आपल्या ग्रंथांत कार्बोनिएच्या निरीक्षणांचा आधार घेतला आहे. मुख्य गोष्ट ही कीं त्या माशांस पॅरिसमध्येंच पिलें झालीं, आणि पुढील हौशी लोकांना मासे देण्यासाठीं दर वेळीं चीनच्या पाणथळींत जाळें टाकावें लागलें नाहीं. मासा मोठा भांडखोर. दोन नर एका पात्रांत ठेवूं नयेत. पण सुमारें १०० लिटरच्या पात्राच्या मालकास निराळा मासा हवा असेल तर दीडशें वर्षांनंतरहि आम्ही त्याचेंच नांव आधीं सुचवूं.

आतां आपल्या सह्याद्रीकडे वळूं. लष्करी शल्यवैद्य फ्रान्सिस डे यानें १८६५ सालीं त्रावणकोरांतील एका रुपेरी माशाचें वर्णन केलें व मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचें नांव त्यास दिलें. अंगावरून जाणारी काळी रेघ आणि तिच्यावर तोंडापासून निघालेली तांबडी रेघ, यांमुळें व्यापारी त्यास 'मिस केरळ' म्हणूं लागले. २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच्या प्रजातीस 'सह्याद्रिया' हें नांव दिलें. नांव आपलें, पण मासे मात्र परदेशीं जाणारे! त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळांत भारतांतून संकटग्रस्त गोड्या पाण्यांतील ३० जातींचे किमान १५ लाख मासे काचपात्रांसाठीं निर्यात झाले. त्यांत मोठा वांटा तीन गटांचा होता: हा 'मिस केरळ' व त्याचा जवळचा भाऊबंद, केरळांतील एक चिमुकला फुगा-मासा, आणि बोटिया स्ट्रायाटा हा पट्टेदार मासा. आतां 'मिस केरळ'ची पैदास नदीबाहेर होऊं लागली आहे हें खरें. पण हा मासा सुमारें १५ सेंटिमीटर वाढतो, थव्यानें राहतो व त्यास वाहतें पाणी लागतें. मध्यम पात्रांत तो कोंडला जातो, हें कोणताहि विक्रेता आपण होऊन सांगत नाहीं.

बोटिया स्ट्रायाटा तर कृष्णेच्या वरच्या खोऱ्यांतला, कोल्हापुराकडच्या नद्यांत सांपडणारा. आमच्या एका पुण्याच्या स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं पांच विकत आणले. मासे सुरेख आहेत. पिंवळट अंगावर बारीक काळपट पट्टे, आणि दिवसभर दगडाआड लपंडाव. ते पैदाशींतले कीं नदींतून धरलेले, हें आम्हीं दुकानांत जाऊन विचारलें. "बाहेरून येतात," इतकेंच उत्तर मिळालें. पंचगंगा तेथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, हें आम्ही बोललों नाहीं. स्नेह्यांनीं वॉरिंग्टनची गोष्ट वाचून पात्रांत हौसेनें गोगलगायीहि सोडल्या होत्या. या माशांचें तें आवडतें खाद्य. महिन्याभरांत त्यांतली एकहि उरली नाहीं.