मोटारसायकलच्या सीटला पाठ कशी आली, आणि ती तुमच्या पाठीच्या कामाची आहे का?

"डॉक्टर, गाडीच्या सीटला पाठ लावून घेऊ का?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक रोज लांब जाणारे असतात. कोणी कामासाठी गडचिरोलीहून चंद्रपूरला जातो, कोणी गुरुजी आलापल्लीहून आतल्या गावातल्या शाळेवर जातात, कोणी दुकानोदुकानी माल पोचवतो. संध्याकाळी कंबर धरते, म्हणून मोबाईलवर फोटो दाखवतात. लोखंडी पट्टी, तिच्यावर उशी, आणि ती चालवणाऱ्याच्या बरोबर मागे बसवलेली. खुर्चीला पाठ असते, कारला असते, मग मोटारसायकलला का नको?

प्रश्न अगदी रास्त आहे. पण "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी मोटारसायकलची सीट आजच्या रूपात कशी आली ते थोडक्यात पाहू. ही पाठ कोणत्या त्रासासाठी निघाली ते कळलं, की तुमचा त्रास तोच आहे का, हे तुम्हालाच ठरवता येईल.

तणस, खोगीर आणि स्प्रिंग

आपल्याकडे जुन्या लोकांना बैलबंडीचा प्रवास आठवत असेल. बंडीला ना स्प्रिंग, ना रबरी टायर. लाकडी चाकाला लोखंडी धाव. मग बंडीत जाड तणस अंथरायचं, वर गोणपाट किंवा वाकळ टाकायची आणि बसायचं. टेकायला काही नसलं तरी चालायचं, पण तणस हवंच. म्हणजे आधी इलाज शोधला गेला तो धक्क्यावर. टेकण्याचा विचार नंतरचा.

युरोपातही असंच झालं. १८६० च्या दशकातल्या लाकडी चाकांच्या सायकलींना तिथले लोक 'हाडं खिळखिळी करणारी' म्हणत. १८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली. तिचा सांगाडा लाकडाचा होता आणि इंजिनाच्या वर घोड्याच्या खोगिरासारखी कातडी बैठक होती. पहिल्याच फेरीत खालच्या उष्णतेने ही बैठक पेटली, असं सांगतात! त्यानंतर १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. प्रवाशाच्या कंबरेवर एवढे उपकार करणारा दुसरा शोध क्वचितच झाला असेल.

पुढे कित्येक वर्षं मोटारसायकलच्या मागच्या चाकाला शॉकअॅब्सॉर्बर नव्हते. चाक थेट सांगाड्याला जोडलेलं असायचं. म्हणून सगळा भार सीटखालच्या जाड स्प्रिंगांवर. आपल्याकडे लष्कराच्या आणि पोलिसांच्या जुन्या बुलेटवर चालवणाऱ्यासाठी असं स्वतंत्र स्प्रिंगचं खोगीर असायचं. जुन्या बजाज स्कूटरवरही चालवणाऱ्याची आणि मागच्याची अशा दोन वेगळ्या सीट असत, तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील.

दोघांची लांब सीट

१९५० च्या सुमारास मागच्या चाकाला शॉकअॅब्सॉर्बर बसू लागले. स्प्रिंगच्या सीटची निकड कमी झाली आणि तिच्या जागी फोमची लांब, सपाट, दोघांची सीट आली. १९५५ नंतर मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, मग राजदूत आली, म्हैसूरची जावा आणि येझदी आली, आणि १९८५ मध्ये कमी पेट्रोलवर चालणारी हिरो होंडा सीडी १०० आली. तोवर 'मोटारसायकलची सीट' म्हणजे ही लांब सीट, हे पक्कं झालं होतं.

आपल्या भागाला ती सोयीचीच होती. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. जंगल अफाट, नद्या-नाले अनेक, आणि रेल्वे म्हणाल तर इतकी वर्षं वडसा, म्हणजे देसाईगंजपुरतीच. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्या भागात रस्तेच नव्हते. रुग्णाला खाटेवर घालून खांद्यावरून आणत. अशा मुलखात मोटारसायकल आली आणि घरातल्या चौघांची गाडी, बंडी आणि कधीकधी रुग्णवाहिकाही झाली. लांब सीटवर बायको बसते, मूल बसतं, धानाचा कट्टाही बसतो.

पण या सीटचा एक दोष आहे. ती कुणा एकाच्या कंबरेच्या मापाने बेतलेली नाही. आपण तिच्यावर हवं तसं पुढेमागे सरकतो आणि थकलो की पाठीचा बाक काढून बसतो.

पाठ टेकण्याचं शास्त्र खुर्चीतून आलं

आता वैद्यकाकडे वळू. मणक्यांमधली चकती सरकते आणि नस दाबते, त्यामुळे पाय दुखतो, ही गोष्ट अमेरिकेत बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली ठळकपणे मांडली. त्यानंतर 'बसताना चकतीवर काय होतं' याचा शोध सुरू झाला.

१९४८ मध्ये स्वीडनच्या ऑकरब्लोम यांनी खुर्चीने कंबरेच्या खोलगट भागाला आधार द्यावा असं सांगितलं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कीगन यांनी एक्स-रे काढून दाखवलं, की मांड्या जितक्या पोटाकडे येतात तितका कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्येच नॅकेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराविना बसल्यावर दाब जास्त भरला. १९७० च्या दशकात त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पाठ थोडी मागे कललेली असेल आणि कंबरेला आधार असेल, तर चकतीवरचा दाब आणि स्नायूंचे श्रम दोन्ही कमी होतात.

इथे एक सांगायला हवं. १९९९ मध्ये जर्मनीत नव्या यंत्राने मोजमाप झालं, तेव्हा बसण्याचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त भरला नाही. त्यामुळे 'बसलं की चकती गेली' अशी भीती बाळगू नका. मात्र कंबरेला आधार मिळाला की स्नायूंना विसावा मिळतो, हे आजही खरं आहे.

पण लक्षात घ्या, हे प्रयोग स्थिर खुर्चीवर झाले. खुर्ची खड्ड्यातून जात नाही.

पाठ आली ती आधी मागच्याला

मोटारसायकलवर टेकायला काहीतरी आलं ते पहिल्यांदा मागे बसणाऱ्यासाठी. १९६० च्या दशकात अमेरिकेत लांब दांड्यांच्या गाड्यांची हौस वाढली, तेव्हा सीटच्या मागे उंच लोखंडी कमान लावू लागले. मागच्याने टेकायचं आणि सामानही तिलाच बांधायचं. चालवणाऱ्याची पाठ नंतर रुळली, आणि तीही मुख्यतः मोठ्या क्रूझर आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर.

याचं कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. क्रूझरवर पाय पुढे टाकलेले असतात आणि हँडल उंच असतं. पायांवर भार घेता येत नाही, सगळं वजन माकडहाडाच्या आसपास येतं आणि समोरचा वारा छातीला मागे ढकलतो. सरळ, गुळगुळीत महामार्गावर तासन्‌तास असं बसलं की कंबर भरून येणारच. त्यावरचा इलाज म्हणजे चालवणाऱ्याची पाठ.

आपल्याकडे २००१ मध्ये एलिमिनेटर आणि २००५ मध्ये अॅव्हेंजर आली, तेव्हा ही बैठक सामान्य माणसाने जवळून पाहिली. पुढे सुटे भाग घरपोच मिळू लागले आणि क्रूझरची ही पाठ आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांपर्यंत पोचली.

आपला त्रास वेगळा असू शकतो

आता तुमची गाडी आठवा. तिचे फूटरेस्ट जवळजवळ गुडघ्यांच्या खाली आहेत. खड्डा आला की तुम्ही नकळत पायांवर भार देऊन बूड किंचित उचलता. तुमचे गुडघे हाच तुमचा सगळ्यात चांगला शॉकअॅब्सॉर्बर आहे. मागे टेकून बसायची सवय लागली की हे उचलणं राहून जातं आणि धक्का सरळ मणक्यात जातो.

दुसरी गोष्ट कंपनांची. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का दिला तरी झोका मोठा होतो. बसलेल्या माणसाच्या धडाचीही अशी एक लय आहे, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. खराब रस्त्यावरचे हेलकावे या लयीत आले की सीटपेक्षा आपलं अंगच जास्त हलतं आणि पाठीचे स्नायू ते थोपवता थोपवता थकतात. आपल्या भागातल्या कोळसा खाणींमधले डंपरचालक हा त्रास ओळखून आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेने अशा चालकांच्या कंपनांचा आणि सांधे-पाठदुखीचा अभ्यासही केला आहे. त्यांच्या सीटला पाठ असतेच, तरीही त्रास होतो. कारण टेकलेल्या पाठीतूनही कंपन अंगात शिरतं. कंपन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात म्हणूनच सीटबरोबर पाठीच्या टेकूवरचं कंपन मोजण्याचीही पद्धत दिलेली आहे.

तिसरी गोष्ट गाडीबाहेरची. सर्च संस्थेने गडचिरोलीच्या गावांमध्ये कंबरदुखी आणि सांधेदुखीचा अभ्यास केला आणि हा ग्रामीण भागातला मोठा आरोग्यप्रश्न आहे हे पुढे आणलं. शोधग्रामच्या दवाखान्यात मुंबईचे मणकातज्ज्ञ येऊन रुग्ण तपासतात. रोवणी, कापणी, तेंदूपत्ता, डोक्यावरची ओझी यांनी कंबर आधीच थकलेली असते. गाडीवर ती फक्त बोलू लागते.

मग लावायची की नाही?

तुमची गाडी क्रूझर असेल, रस्ता चांगला असेल, तासाभरापेक्षा जास्त एकट्याने जात असाल आणि कंबरेत नुसता थकवा येत असेल, तर पाठ लावून पाहायला हरकत नाही. साधी गाडी, खराब रस्ता आणि मागे रोज कोणीतरी बसणारं असेल, तर मी "नको" म्हणतो.

लावणारच असाल तर एवढं पाहा:

- उशी कंबरेच्या खोलगट भागात, साधारण पट्ट्याच्या रेषेवर आणि थोडी वर यावी. खांद्यांना टेकणारी उंच पाठ नको.
- तिने तुम्हाला पुढे ढकलू नये. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहावं, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत आणि ब्रेकवर पाय सहज जावा.
- पट्टी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला घट्ट बसवलेली हवी. सीटच्या फोममध्ये किंवा खालच्या प्लॅस्टिकमध्ये भोकं पाडून बसवलेली पाठ ऐन वेळी निसटते. नट सैल न होणारे असावेत आणि खराब रस्त्यावर पहिल्या काही दिवसांनी पुन्हा आवळून घ्यावेत.
- ती दुमडणारी किंवा झटकन काढता येणारी असावी. पडताना गाडीपासून सुटता आलं पाहिजे.
- मागे कोणी बसणार असेल तर ती काढून ठेवा. जोरात ब्रेक लागला की मागच्या माणसाची छाती किंवा पोट त्या लोखंडावर आदळतं. मागे गरोदर बाई किंवा मूल असेल तर हा धोका कधीच पत्करू नका. मागच्या माणसासाठी चालकामागे पक्की बसवलेली योग्य सीट हवी, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ मध्येही आहे. तिची जागा पाठीने खाल्ली तर तो नियमही मोडतो.

बहुतेकांना यापेक्षा स्वस्त उपाय पुरतात. बसलेला फोम बदलून घ्या. टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा, ती जास्त झाली की धक्के वाढतात. मागचे शॉकअॅब्सॉर्बर गळत असतील तर दुरुस्त करा. खराब पट्ट्यात वेग कमी करा आणि पायांवर भार घ्या. अर्ध्या-पाऊण तासाने उतरून चार पावलं चाला, दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच मागे झुका. आणि घरी पोचल्याबरोबर तांदळाचा कट्टा उचलू नका, पाठीला पाच-दहा मिनिटं द्या.

पाठ विकत घेण्याआधी हे ओळखा

माझी खरी काळजी वेगळी आहे. काही जण आधी पट्टा घेतात, मग उशी घेतात, मग सीटला पाठ लावतात, आणि त्यात महिने जातात. खाली दिलेल्यापैकी काहीही असेल तर गाडीची पाठ राहू द्या, आधी डॉक्टरला स्वतःची पाठ दाखवा:

- पायातली ताकद कमी होणं, पाऊल उचलताना चप्पल निसटणं.
- बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही थांबत नाही असं दुखणं. मणक्याचा क्षयरोग अशाच वाटेने येतो आणि वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो.
- पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. वयस्कर बायकांमध्ये तर मोठ्या खड्ड्यातला एक धक्काही मणका दबायला पुरतो.
- लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, आणि जांघा व बसायच्या जागेला बधिरपणा येणं.

या शेवटच्या लक्षणाला आम्ही डॉक्टर 'खोगिराच्या जागेचा बधिरपणा' म्हणतो. घोड्यावर बसलं की खोगीर जिथे टेकतं, नेमकी तीच जागा बधिर होते. तिथल्या नसांवर मोठा दाब आलेला असतो आणि काही तासांत निर्णय घ्यावा लागतो. उद्या सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. आणि हो, तिथे मोटारसायकलवर बसून जाऊ नका, आडवं होऊन जा.